मयत मतदाराची मुलाखत

ज्या माणसाची मुलाखत माझ्या डोक्यातून जात नाही, त्याला मी कधी पाहिलेलं नाही. त्याचा फोटो पाहिला, त्याची चप्पल पाहिली आणि त्याची मतं ऐकली. तेवढ्यावर तो अजून माझ्याबरोबर आहे.

मी विद्यापीठातल्या एका संस्थेत काम करते. लोकांना काय वाटतं ते विचारायचं, नीट लिहून आणायचं, आणि मधल्या काळात शाळा-कॉलेजांत, गावांत जाऊन मतदान म्हणजे काय, ग्रामसभा म्हणजे काय, हे समजावून सांगायचं, असं आमचं काम. सर्वेक्षणासाठी मतदार यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी नावं निवडली जातात आणि ज्याचं नाव निघालं त्यालाच प्रश्न विचारायचे असतात. तो घरी नसेल तर परत जायचं. त्याच्याऐवजी बायको, भाऊ, शेजारी, कुणीही चालत नाही. प्रशिक्षणात आमच्या मॅडम सांगायच्या, ‘आपल्याकडे बदली नाही.’ बाकीची मुलं मान डोलवायची. मला मात्र तो शब्द दर वेळी टोचायचा. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कितीतरी वर्षं बदली कामगार होते. कुणी आजारी पडलं, कुणी गावाला गेलं, की त्यांना काम. मी दहावीत असताना ते गेले. तोवर कायम झाले होते, पण ते सुख त्यांना फार दिवस लाभलं नाही.

तर त्या वेळी माझ्या वाट्याला चाकणच्या पुढचं एक गाव आलं होतं. कासारवाडीहून भोसरी, भोसरीहून चाकण, आणि तिथून सहा आसनी रिक्षात दाटीवाटीनं. गावाच्या अलीकडेपर्यंत गोदामं आणि कंपन्यांच्या भिंती, मग एकदम ज्वारी. निवडलेल्या नावांपैकी एक तिशीच्या आतला पुरुष होता. घर विचारलं तेव्हा पारावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकानं नुसता हात करून दिशा दाखवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण ऊन होतं आणि मी दमले होते.

स्लॅबचं दुमजली घर. खालच्या ओट्यावर एक बाई मेथी निवडत बसली होती. साठीच्या आसपासची, मोठ्या हाडापेराची. मी संस्थेचं ओळखपत्र दाखवलं, नाव घेतलं आणि विचारलं, “आहेत का घरी?”

“न्हाई.”

“कधी येतील? मी थांबते, नाहीतर उद्या येते.”

तिनं मेथीची काडी बाजूला ठेवली. “तो येत न्हाई आता,” ती म्हणाली, आणि मागं न बघताच अंगठ्यानं दाराकडे खूण केली. आत भिंतीवर हार घातलेला फोटो होता. चौकडीचा शर्ट, बारीक मिशी. हसायचं की नाही ते ठरवता ठरवता काढलेला फोटो.

कंपनीत कंत्राटावर होता. पावसाळ्यात पहिल्या शिफ्टला मोटारसायकलवर जाताना हायवेला कंटेनरखाली आला. एवढंच तिनं सांगितलं, तेही सवयीनं, खूप जणांना सांगून झाल्यासारखं.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. नावापुढे ‘मयत’ लिहायचं, हात जोडायचे आणि निघायचं. मी हात जोडले.

“बस,” ती म्हणाली. “कुठली तू?”

“कासारवाडीची.”

“मूळची?”

“वडील सोलापूरकडचे. कारखान्यात होते.” मग तिनं आडनाव विचारलं आणि मी सांगितलं. अशा घरांत आडनावानंतर एक क्षण जातो, तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे. तो गेला. मग तिनं पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं माझ्यापुढे केला.

“काय इचारायचं व्हतं त्याला?”

मी म्हटलं, गावाबद्दल, सरकारबद्दल, मतदानाबद्दल. पण ते त्यांनाच विचारायचे प्रश्न होते.

“मग इचार की. तो नसला तरी मी हाय. नऊ म्हयने पोटात ठेवला, त्याच्या मनातलं मला ठावं न्हाई व्हय?”

तिच्या चेहऱ्याकडे बघून नियम सांगता येईना. मनाशी म्हटलं, ही मुलाखत कुठं धरली जाणार नाही, दोन-चार प्रश्न विचारून उठू. म्हणून मी पहिला प्रश्न वाचला. गावातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?

“रस्ता,” ती लगेच म्हणाली. “रस्ता म्हनायचा तो. पान्याचं न्हाई, लाइटीचं न्हाई. आई, ह्यो रस्ता एक दिस कुनाला तरी खानार, म्हनायचा.”

मग ग्रामपंचायत. सरपंच. तलाठी. ती उत्तरं देत गेली, प्रत्येकात ‘तो म्हनायचा’ असं. हात मेथीवर चालूच होते. पोलिसांवर किती विश्वास वाटतो, असं मी विचारलं.

“आजिबात न्हाई. मला नाक्यावर रोज आडवत्यात. कागदं दाखव, हे दाखव. मला शिफ्टला उशीर हुतो ते कोन बघतंय?”

मी मान वर केली. तिला पत्ताही नव्हता. भर दुपारी, ओट्यावर, समोर रस्त्यानं माणसं जात असताना माझ्या हातावर काटा आला. पुढच्या प्रश्नालाही ती ‘मी’च म्हणाली. आवाज बदलला नव्हता, नजर बदलली नव्हती, अंगात येणं वगैरे काही नव्हतं. फक्त बोलणारा माणूस बदलला होता. मी ‘तुम्हाला काय वाटतं’ असं वाचत होते आणि कुणाला विचारते आहे ते मला सांगता आलं नसतं.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी पुढचा प्रश्न वाचला. संधी मिळाली तर हे गाव सोडून दुसरीकडे राहायला आवडेल का?

“न्हाई,” ती म्हणाली. “गाव सोडून कुठं जाऊ? शेत हाय, आई हाय.”

भाकरीचा आवाज थांबला.

“आवडलं असतं,” आतून कुणीतरी म्हणालं.

दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत पीठ, गळा मोकळा. सून हे सांगायची गरज नव्हती. ती जुन्नरकडची, बारावी झालेली, हे मला नंतर कळलं. ती सासूकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली. “आवडलं असतं, असं लिहा. चाकणला खोली बघून आलो होतो आम्ही.”

“कवा?” सासूनं विचारलं.

“तुम्ही आळंदीला गेला होता तेव्हा. हे म्हणाले, कंपनी जवळ पडंल, रोज हायवेला जायला नको.”

“मला कसं न्हाई बोलला?”

“बोलणार होते.”

“मला भ्याला व्हय?”

“भ्याले नव्हते, आत्या. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून थांबले. दिवाळीनंतर सांगू, म्हणाले.”

चाकणला खोली घेतली असती तर, याच्या पुढचं वाक्य त्या ओट्यावर कुणी बोललं नाही. तिघींनाही ते दिसत होतं. त्याच वेळी पहिली शिफ्ट सुटलेल्यांच्या मोटारसायकली रस्त्यानं यायला लागल्या. गावातली पोरं घरी येत होती. प्रत्येक गाडीच्या आवाजासरशी त्या बाईची मान थोडीशी वळायची आणि परत यायची. ते तिला थांबवता येत नव्हतं.

मला वाटलं आता ती सुनेला काहीतरी बोलेल, किंवा मला हाकलेल. तिनं मेथीची पुढची काडी उचलली आणि म्हणाली, “फुडं इचार.”

त्यानंतरची मुलाखत दोघींनी दिली. सून उंबऱ्यावर बसली, पीठ हातावर वाळत गेलं. राजकारणात रस आहे का? आई म्हणाली, लई. सून म्हणाली, छे, नुसतं मोबाइलवर बघायचे आणि हसायचे. मुलींना किती शिकवावं? यावर दोघींचं एक झालं. कुणाच्या सांगण्यावरून मत देता? आई म्हणाली, घरच्यांच्या. सून नुसती हसली. सासूनं ते हसू पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय म्हणू? भूक म्हणता येईल. मुलगा संपला असं धरून बसलेल्या बाईला त्याचा न उघडलेला भाग अचानक समोर दिसला होता. “आनि काय म्हनायचा?” ती सुनेला विचारायला लागली. “आनिक?” माझे प्रश्न बाजूलाच राहिले.

शेवटी एक चिठ्ठी असते. मागच्या निवडणुकीत कुणाला मत दिलं ते तोंडानं सांगायचं नसतं. चिठ्ठीवर खूण करून ती बंद डब्यात टाकायची, म्हणजे आम्हालाही कळत नाही. मी सवयीनं चिठ्ठी बाहेर काढली आणि चूक लक्षात आली. सासूनं हात पुढे केला. “दे. मी टाकते त्याचं.”

“नको, आत्या,” सून म्हणाली. “ते त्यांचं त्यांना माहीत. मलापण सांगितलं नव्हतं.”

मी कोरी चिठ्ठी परत पिशवीत ठेवली. निघताना ओट्याच्या पायरीवर ठेवलेली पुरुषाची चप्पल दिसली, पुसलेली. मी ओलांडून नाही, वळसा घालून गेले.

संस्थेत मॅडमना सांगितलं. त्यांची आयुष्याची वर्षं असल्या कामात गेलीत. त्या म्हणाल्या, “वगळायची. मयत लिही आणि सोडून दे.” मी हो म्हणून उठले, तर त्यांनी विचारलं, “पण काय सांगितलं त्यांनी?” मी सांगत बसले. जेवणाचे डबे तसेच राहिले. ऐकून झाल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “हे आपल्या कामाचं नाही. पण मग कुणाच्या कामाचं?” आणि मग एकदम संगणकाकडे वळल्या.

त्या रविवारी मी घरी आईला विचारलं. आमचं घर रेल्वेपासून लांब नाही. गाडी गेली की बोलणं थांबवायचं आणि मग पुढं सुरू करायचं, ही आमची सवय. आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “बाबांचा कुणावर विश्वास होता गं?”

“म्हणजे?”

“म्हणजे सरकार, कोर्ट, पोलीस. त्यांना काय वाटायचं?”

तिनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. “थर्ड शिफ्ट करून यायचे आणि झोपायचे. उठले की तुला शाळेत सोडायचे. मतं बनवायला वेळ कुठं होता?”

मी आणखी प्रश्न विचारले. त्यांना गावाकडे परत जायचं होतं का? मी काय व्हावं असं वाटायचं? आई आठवायचा प्रयत्न करत होती, मला दिसत होतं. एक गाडी गेली. ती म्हणाली, “युनियनच्या मीटिंगला मात्र जायचे. तिथं बोलायचे म्हणे. चांगलं बोलायचे, असं लोक सांगायला आले होते ते गेल्यावर.”

“काय बोलायचे?”

“मी कुठं होते तिथं?”

ज्यांनी ऐकलं ती माणसं आता कुठे असतील? कारखान्याच्या जागी उंच इमारती झाल्या. गेटसुद्धा राहिलं नाही. आमच्या प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाखाली एक शेवटचा पर्याय असतो, ‘सांगता येत नाही’. माझ्या वडिलांचं पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच उत्तर निघालं. चाकणकडचा एक परका माणूस मात्र मला जवळजवळ पूर्ण माहीत होता. रस्ता, पोलीस, खोली, दिवाळीनंतर सांगू.

त्यानंतर काम करणं अवघड झालं. दिघीला एका निवृत्त जवानाची मुलाखत घेत होते. तो बोलत होता आणि मी त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. हिंजवडीत एका मुलानं कानातले इयरफोन न काढता दारातूनच सांगितलं की त्याला कशाबद्दलच काही वाटत नाही, आणि मला वाटलं, याची आई याच्या वतीनं किती बोलली असती! कुठलाही प्रश्न वाचला की खरं उत्तर यायच्या आधी एक उत्तर ऐकू यायचं, ‘रस्ता म्हनायचा तो.’ मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रजा घे म्हणाले असते.

काही महिन्यांनी महिलांसाठी मतदार नोंदणीचा कार्यक्रम निघाला आणि गावांच्या यादीत ते गाव होतं. मी दुसऱ्या कुणाला पाठवू शकले असते. मीच गेले. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंज्या टाकल्या होत्या. नाव कसं नोंदवायचं, लग्न होऊन आलेल्या मुलींचं नाव माहेरीच राहतं ते इकडे कसं आणायचं, हे मी सांगत होते. पहिल्या रांगेत ती सासू बसली होती. माझ्याकडे बघत होती, ओळख दाखवत नव्हती. शेवटी काही शंका आहे का विचारलं, तर तिनं हात वर केला.

“मेलेल्या मान्साचं नाव काढावंच लागतंय का?”

मी सांगितलं की घरच्यांनी कळवायचं असतं, मग चौकशी होऊन नाव कमी होतं.

“आनि न्हाई कळवलं तर?”

“तर काही दिवस राहतं.”

“ऱ्हाऊ दे मग,” ती म्हणाली आणि पदर सावरून बाहेर गेली.

सून मागच्या भिंतीला टेकून उभी होती. सगळ्या बायका गेल्यावर ती माझ्याकडे आली. वाळली होती. “ताई, त्या दिवशी तुम्ही गेलात,” ती म्हणाली, “आणि आमच्याकडे तेव्हापासून तेच चाललंय. रोज जेवताना आत्या विचारतात. आज भाजीला काय म्हणाला असता? टीव्हीवर हे आलं, त्याला काय वाटलं असतं? मी पहिलं पहिलं सांगायचे. बरं वाटायचं मलापण. आता मला आठवत नाही. मी बनवून सांगते.”

माझ्या हातातले अर्ज पिशवीत भरायचे राहिले.

“बनवून सांगितलेलं त्यांना जास्त आवडतं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “कंपनीत पॅकिंगला बायका घेतायत. मला जायचंय. त्याच्यावर पण ते काय म्हणाले असते, हेच विचारतात सगळे. सासरे, माझा भाऊ, सगळे. मला कुणी विचारलं नाही. तुम्हीपण नाही विचारलं.”

“तुमचं नाव निघालं नव्हतं,” मी म्हटलं. ते खरं होतं आणि ऐकायला वाईट होतं.

“माझं नाव इथं नाहीच. जुन्नरलाच आहे.”

मी तिच्याबरोबर घरी गेले. आधी तिच्या नोंदणीचा अर्ज भरला. मग मी तिला म्हटलं, बसा. आणि पहिल्यापासून विचारायला लागले. कुणी मोजणार नव्हतं, संस्थेला द्यायचं नव्हतं. तिला जमेना. गावातली मोठी अडचण? “रस्ता, हे म्हणायचे…” ती थांबली. परत सुरू केलं, “हे…” परत थांबली. असं तीनदा झालं. घामेजली. मला वाटलं, आपण हिला छळतोय. मग ती हळूच म्हणाली, “संडासला रांग लागते. वरच्या खोल्यांतले भाडेकरू आणि आम्ही मिळून एकच आहे. ती अडचण.” आणि तोंडावर हात ठेवून हसली. हे मी प्रथमच ऐकत होते. हे दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

सासू मघाशीच येऊन ओट्याच्या पायरीवर पाठ करून बसली होती. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं. बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का, हा प्रश्न आला. सून म्हणाली, “करावी. मला करायचीय.”

“त्याला पटलं नसतं,” पायरीवरून आवाज आला.

“नसतंच पटलं,” सून म्हणाली. “हे मी माझं सांगतेय, आत्या.”

सासू मागं वळली नाही. मी प्रश्नावलीवर बोट ठेवून तशीच बसले होते.

“मला इचारलं तर मलाबी न्हाई पटत,” ती म्हणाली. “सांजच्याला रस्त्यानं कशी येशील? पर जा. कंपनीची बस असंल तर जा.” मग उठली आणि गुरांकडे गेली. एवढ्या दिवसांत ‘मला’ म्हणून तिनं स्वतःचं मत सांगितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

सून नोकरीला लागली. अधूनमधून फोन करायची, बसमधून, मागं बायकांचा गलका ऐकू यायचा. पुढच्या मतदानाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. तिचं नाव आलं होतं, अगदी शेवटी, पुरवणी यादीत. सासूचं नाव आधीच्या पानावर होतं. अधिकाऱ्यानं ते शोधताना खाली मुलाचं नाव, शेजारी त्याचा फोटो. तोच चौकडीचा शर्ट असेल की काय, मला उगाच वाटलं. सासूनं तो पाहिला. अधिकारी तिच्या नावाला खूण करत होता, तर तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, “ह्यो वारला. माजा ल्योक. ह्यो येनार न्हाई.”

“आणि मग?” मी विचारलं.

“मग काय, ते म्हणाले, आजी, बोट पुढं करा. आत्यांनी शाई लावून घेतली, मत दिलं आणि घरी येऊन झोपल्या. अजून झोपल्यात.” ती जरा थांबली. “ताई, मी त्यांना उठवू का? जेवल्या नाहीत.”

मी म्हटलं, झोपू दे.

फोन ठेवल्यावर मी खिडकीत उभी राहिले. खाली कासारवाडीच्या रस्त्यावर शाई लावलेली बोटं एकमेकांना दाखवत माणसं चालली होती. माझ्या मागं आई कुणाशी तरी बोलत असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर ती एकटीच होती, वडिलांच्या फोटोची काच पुसत. काय म्हणत होतीस, असं विचारलं तर म्हणाली, काही नाही.